आधी जागा, मग कासव

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत कासवाचा विषय निघाला. एका मैत्रिणीच्या मुलानं घरात कासव आणायचं ठरवलंय. जिवंत कासव घरात असलं की पैसा टिकतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही लेकीकडे इंग्लंडला कासवाची पिल्लं पाहून आलात ना? मग सांगा, टाकी केवढी घ्यायची? पाणी रोज बदलावं लागतं का?"

चारचौघींत मी काहीतरी मोघम बोलले आणि विषय पोह्यांवर नेला. पण घरी आल्यावर चैन पडेना. कारण या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, आणि ते मला फार उशिरा कळलंय. म्हणून आज हे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्याच मैत्रिणींसाठी लिहिते आहे.

१९९६ सालची गोष्ट. माझी मुलगी आठ वर्षांची होती. ह्यांच्या ओळखीतल्या एकानं कापडी पिशवीतून एक कासव आणून दिलं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. इतकं देखणं, की गल्लीतली सगळी पोरं बघायला आली. आम्ही काय केलं? न्हाणीघरातला निळा टब घेतला, त्यात चार बोटं पाणी ओतलं, मध्ये एक दगड ठेवला आणि कासव त्यात सोडलं. कासव म्हणजे पाणी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं! खायला भाताची शितं, पोळीचे तुकडे, कधी दुधात कुस्करलेला ब्रेड.

रात्री टबातून खर्र खर्र आवाज यायचा. ते सारखं टबाच्या भिंतीवर चढायचा प्रयत्न करायचं आणि घसरून पडायचं. मुलगी विचारायची, "आई, त्याला कुठे जायचंय?" मी म्हणायचे, "अगं, खेळतंय ते. झोप तू."

चार महिन्यांत त्याचे डोळे सुजून मिटले. पाठ बोटानं दाबली की दबायला लागली. एके दिवशी सकाळी ते हललंच नाही. आम्ही त्याला जास्वंदीखाली पुरलं. मुलगी रडली नाही, काही बोललीही नाही. टब मात्र तिनं पुन्हा कधी आंघोळीला वापरू दिला नाही.

ते चांदणीचं कासव, म्हणजे स्टार कासव, जमिनीवर राहणारं जनावर आहे, हे मला तब्बल पंचवीस-तीस वर्षांनी कळलं. आपल्या मराठीत शब्द एकच, कासव. पण समुद्रातलं वेगळं, तळ्या-नदीतलं वेगळं आणि कोरड्या माळावर गवत खात हिंडणारं वेगळं. आमचं माळावरचं होतं. त्याला आम्ही चार महिने पाण्यात उभं केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे गेले, ती एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत राहिले. नातीला वाढदिवसाला कासव हवं होतं. मी मनात म्हटलं, आली का पुन्हा ती पीडा! पण लेक म्हणाली, "आई, कासव जूनमध्ये येईल. आधी आपण त्याचं घर करायचं. घर जमलं नाही तर कासव नाही." आणि मग दोन महिने त्या घरात जे चाललं, ते पाहून मला माझा निळा टब रोज आठवत होता.

तिनं आणायची ठरवलेली कासवं हर्मन जातीची. मूळची दक्षिण युरोपातली, भूमध्य समुद्राकडच्या कोरड्या टेकड्यांवरची. इंग्लंडमध्ये लोक ती घरी वाढवतात. कायद्यानं तसं करता येतं, पण कासव बंदिवासातच जन्मलेलं असावं लागतं, विकणाऱ्यानं त्याचा सरकारी दाखला द्यावा लागतो आणि ते पुरेसं मोठं झालं की अंगात मायक्रोचिप बसवावी लागते. आपल्याकडे गाडीला असतात तेवढे कागद!

घरातली जागा आधी झाली. लेकीनं एक जुनं लाकडी पुस्तकांचं कपाट घेतलं, फळ्या काढल्या आणि ते जमिनीवर उताणं ठेवलं. झाली कासवाची खोली. मी म्हटलं, "अगं, काचेची पेटी का नाही घेत? दिसेल तरी छान." ती म्हणाली, "आई, कासवाला काच कळत नाही. समोर दिसतंय तर जाता का येत नाही म्हणून ते दिवसभर काचेला धडका देत राहतं. शिवाय आत हवा कोंडते." मला टबाचा खर्र खर्र आवाज ऐकू आला. मी गप्प बसले.

कपाटात बागेतली माती आणि थोडी वाळू मिसळून तीन-चार इंच थर दिला, पिल्लाला अंग पुरून बसता येईल इतका. खालची माती किंचित ओलसर ठेवायची. अगदी कोरड्यात वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर एकेका खवल्याचा उंचवटा होतो, आणि तो मग जन्मभर जात नाही. एका टोकाला वर दिवा टांगला. त्याच्याखाली ३२ ते ३५ अंश आणि दुसऱ्या टोकाला विशीच्या आसपास. का, तर कासवाचं रक्त आपल्यासारखं स्वतः ऊब धरत नाही. ऊन हवं तेव्हा उन्हात, नको तेव्हा सावलीत, असं त्याचं त्याला जाता आलं पाहिजे. टबात ते कुठे जाणार होतं?

दुसरा दिवा अतिनील किरणांचा. ही मला सगळ्यात मोठी शिकवण. अंगावर थेट ऊन किंवा हे किरण पडले नाहीत, तर कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेला कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. दिवासुद्धा डोळ्यांना लख्ख दिसला तरी सहा महिने-वर्षभरात बदलावा लागतो. त्यातले किरण आधीच संपलेले असतात. लेक हे सांगत होती आणि मला बोटाखाली दबलेली ती पाठ आठवत होती. आमचं न्हाणीघर उत्तरेला होतं. तिथे बारा महिने ऊन येत नसे.

मग लपायला अर्धी फुटकी कुंडी, आडवी ठेवलेली. खाण्यासाठी पाटीचा सपाट दगड, म्हणजे खाता खाता चोच आणि चालता चालता नखं झिजतात. एक उथळ बशीभर पाणी, पिल्लू बुडणार नाही इतकंच. एवढं सगळं अक्रोडाएवढ्या जिवासाठी!

बाहेरच्या जागेला जावईबापू राबले. अंगणाचा दक्षिणेकडचा, सगळ्यात उन्हाचा तुकडा निवडला. चारी बाजूंनी लाकडी फळ्या लावल्या, जाळी नाही. पलीकडचं दिसलं की कासव तिकडेच ओढ घेतं. फळ्या अर्धा फूट जमिनीत गाडल्या, कारण कासव उकरतं. कोपऱ्यांवर आडवी पट्टी ठोकली, कारण ते कोपऱ्यात अंग टेकून वर चढतं. वरून जाळीचं झाकण. तिथल्या वस्तीत रात्री कोल्हे फिरतात, दिवसा कावळे आणि मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी, शिवाय मांजरं आणि उंदीर. एवढं पिल्लू म्हणजे त्यांना एक घास.

आत सपाट जागा नको, म्हणून मातीचा एक उंचवटा केला. त्याचा उतार दक्षिणेला, म्हणजे सकाळचं ऊन लवकर मिळतं आणि पाऊस पडला तर पाणी साचत नाही. अर्धा भाग सावलीचा. एका कोपऱ्यात झाकणाची छोटी पारदर्शक पेटी, थंड वारा सुटला तर ऊब धरायला. आणि मजा म्हणजे, सगळे शेजारी आपल्या हिरवळीतून उपटून फेकतात ते तण आम्ही मुद्दाम लावलं. पिवळ्या फुलांचं डँडेलियन, तीनपानी क्लोव्हर, आपल्या इसबगोलाच्या जातीतलं प्लँटेन. हेच त्यांचं खाणं. फळं जवळजवळ नाहीत. ब्रेड, भात, दूध तर मुळीच नाही. डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह अशी विषारी झाडं तिथून काढली. आपल्याकडच्या अंगणात असती तर कण्हेर काढावी लागली असती.

पिल्लं आली ती दोन, एकाच घरची. देणाऱ्या बाईंनी बजावलं, "मध्ये फळी टाका. दोघं एकत्र ठेवली की एक दुसऱ्याला दाबतं. भांडण दिसत नाही, आवाज होत नाही, पण दबलेलं पिल्लू खायचं थांबतं." मला हे फार पटलं. आवाज न करता दबून जाणं काय असतं, ते आपल्याला काही नवीन नाही.

रोज सकाळी त्यांना कोमट पाण्यात, हनुवटीला लागेल इतक्याच, दहा मिनिटं बसवायचं. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. उबदार, उन्हाच्या दिवशीच बाहेर, संध्याकाळी आत. सारखं उचलून खेळायचं नाही. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी केली ती याच कारणानं; मुलं ती तोंडात घालत होती.

नातीचा उत्साह तीन आठवडे टिकला. नंतर सकाळची आंघोळ माझ्याकडे आली, संध्याकाळचं उचलणं लेकीकडे. जावई म्हणाले, "मी जागा केली ना!" घरोघरी मातीच्या चुली, इंग्लंडातसुद्धा. शेवटी लेकीनं फ्रीजवर तक्ता लावला, कुणी काय करायचं याचा. हौस घरातल्या कुणाचीही असो, पाणी बदलणं, घाण काढणं आणि जिवाची काळजी आपल्याच गळ्यात पडते. म्हणून जनावर घरात येण्याआधी हा तक्ता करायचा हक्कही आपलाच आहे. "कोण करणार?" हा प्रश्न आधी विचारणारी बाई खाष्ट नसते, शहाणी असते.

आणि हे किती वर्षं? कासव पन्नास वर्षं सहज जगतं. तिकडे लोक मृत्युपत्रात कासवाचं नाव घालतात. सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याचं टिमथी नावाचं कासव प्रसिद्ध आहे. ते आधी त्याच्या आत्याकडे होतं. १७८० साली ती वारल्यावर त्यानं ते आपल्या बागेत नेलं. व्हाइट गेल्यावर वर्षभरानं, १७९४ साली, ते मेलं. त्याचं कवच लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे कवच नीट तपासल्यावर कळलं, टिमथी नर नव्हताच, मादी होती. जन्मभर जिच्या चालण्या-खाण्याच्या नोंदी ठेवल्या, ती बाई आहे हेच कुणाला कळलं नव्हतं!

पण तिकडचं सगळंच गोड होतं असं नाही. विसाव्या शतकात भूमध्य प्रदेशातून जहाजं भरभरून कासवं इंग्लंडला आली, बाजारात स्वस्तात विकली गेली आणि त्यातली असंख्य पहिला हिवाळाही न काढता मेली. अखेर १९८४ साली ही आयात बंद झाली. आज लेकीच्या अंगणात जी काळजी दिसते, ती त्या मेलेल्या कासवांकडून शिकलेली आहे.

आपल्या संतांनी कासवीचा दृष्टान्त दिलाय. कासवी पिलांना पाजत नाही, कुशीत घेत नाही, नुसत्या प्रेमाच्या नजरेनं वाढवते. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेला. दृष्टान्त म्हणून तो गोडच आहे आणि गोडच राहील. पण खऱ्या कासवीचं वेगळं असतं. ती ऊन बघते, माती बघते, मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालून बुजवते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती कुठेच नसते. त्या खड्ड्यातल्या उबेवरच ठरतं, किती नर होणार आणि किती माद्या. म्हणजे तिचं सगळं आईपण त्या जागेच्या निवडीत असतं. कासवाच्या पिल्लाला आई नसते, जागा असते. आणि आपण त्याला उचलून टबात टाकतो, तेव्हा त्याची जागाच काढून घेतो.

आता माझ्या मैत्रिणीचा प्रश्न. "लेकीसारखं सगळं नीट केलं तर आपण का नाही पाळायचं?"

बाई गं, आपल्याकडे ते चालत नाही, आणि चालू नये. लेकीची पिल्लं पिढ्यान् पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेली. आपल्याकडे पिशवीतून येणारं स्टार कासव बहुतेक वेळा माळावरून उचललेलं असतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, स्टार कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं कैद, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान पंचवीस हजार रुपये. जगाच्या बाजारातसुद्धा २०१९ सालापासून त्याच्या व्यापारावर सगळ्यात कडक बंधन आहे. म्हणजे पैसा टिकावा म्हणून आणलेलं कासव कोर्टाची पायरी दाखवेल.

दुकानात काचेच्या भांड्यात नाण्याएवढी हिरवी कासवं मिळतात, कानामागे लाल पट्टा असलेली. ती अमेरिकेतली, पाण्यातली. दुकानदार सांगतो, "एवढंच राहतं." नाही राहत. ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. मग घाण वास येतो म्हणून लोक ते गावच्या तळ्यात नेऊन सोडतात आणि पुण्य केल्यासारखे घरी येतात. ते तिथल्या आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे.

कुणी म्हणेल, एका टबातल्या एका कासवानं काय होतंय? श्रद्धा आहे, असू दे की. मी श्रद्धेला नावं ठेवत नाही. मीही देवळात गेले की नंदीपुढच्या दगडी कासवाला हात लावूनच आत जाते. पण ते दगडी आहे, म्हणून दोनशे वर्षं एका जागी बसू शकतं. घरात कासव हवंच असेल तर पितळेचं ठेवा. त्याला ऊन लागत नाही, भूक लागत नाही, आणि रात्री ते भिंतीवर चढत नाही.

आणि घरात आधीच जिवंत कासव असेल तर? घाबरू नका, लपवूही नका. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयात कळवा आणि त्यांच्या ताब्यात द्या. स्वतः नेऊन तळ्यात, विहिरीत सोडू नका. जमिनीवरचं कासव पाण्यात बुडून मरतं, हे मी आता खात्रीनं सांगू शकते. शेताच्या बांधावर दिसलं तर मुलांना लांबून दाखवा आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

मुलांना पिल्लंच दाखवायची असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला घेऊन जा. तिथे ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात. पूर्वी ती चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांचं रक्षण सुरू केलं. अंडी कुंपणाच्या जागेत नेतात आणि कासवीनं केला होता तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून त्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, टोपलीखाली थोडी सांभाळतात आणि मग वाळूवर सोडतात. एवढुशी पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे जातात. घरोघरी पाहुण्यांची जेवणं असतात, गावातल्या बायकांच्या हाताला त्यातून काम मिळतं. कासवामुळे पैसा येतो म्हणतात, तो असा.

वेळासलाही पिल्लांसाठी जागा करतात, लेकीच्या अंगणातही केली होती. दोन्हीकडे आधी विचार कासवाचा. आमच्या निळ्या टबात तो एकदाही झाला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी मी पिल्लांना शेवटची आंघोळ घातली आणि बाहेर सोडलं. एक उंचवट्यावर चढलं, मान बाहेर काढून उन्हात बसलं. लेक शेजारी उभी होती. इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या विषयावर बोललो नव्हतो. मी म्हटलं, "ते खेळत नव्हतं गं. मी तुला खोटं सांगितलं." ती म्हणाली, "माहीत होतं मला."

तर मैत्रिणी, टाकी केवढी घ्यायची ते तू विचारलंस. कुठलीच घेऊ नकोस. मुलाला समोर बसव आणि त्याला हे सगळं सांग. माझ्या टबाचंही सांग.